मनोहर सरांचा खोकला

"दार लाव," मानोलिस म्हणाला.

मी दार लावलं. मुलं नुकतीच तास संपवून गेली होती. खुर्च्या वेड्यावाकड्या पडलेल्या होत्या, नोटेशनचे दोन-तीन कागद जमिनीवर. मानोलिस खिडकीकडे पाठ करून सॅक्सोफोनची रीड रुमालानं पुसत होता. पुसून झाल्यावर त्यानं रुमाल मुठीत दाबला, पण मी पाहिलंय हे त्याला कळलं होतं. त्यानं मूठ उघडली. रुमालावर लाल डाग होता, रुपयाएवढा, ताजा.

"हिरड्या?" मी विचारलं.

"नाही."

"केव्हापासून?"

"दिवाळीच्या सुट्टीपासून. त्याच्या आधी नुसताच खोकला होता."

"डॉक्टर बिवलकरांना दाखवलंत?"

"शाळेच्या डॉक्टरला सांगणं म्हणजे शाळेला सांगणं," तो म्हणाला. "हे काय आहे ते मला माहीत आहे, गुरव. जहाजावर असताना एकदा झालं होतं. छातीच्या फोटोत डाग निघाला. चार महिने गोळ्या खाल्ल्या, बरं वाटलं, सोडल्या. त्यानंतर मला एकाही जहाजानं घेतलं नाही."

तो खुर्चीवर बसला आणि बोटं मोडत राहिला.

"संमेलनाला सव्वीस दिवस आहेत," तो म्हणाला. "त्या दिवशी ट्रस्टी येणार. बँड ऐकतील, मग माझा तीन वर्षांचा करार होईल. करार झाला की मी रजा मागू शकतो, औषध घेऊ शकतो. नाही झाला तर या देशात राहायचा कागदच नाही माझ्याकडे. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः मिरजेच्या दवाखान्यात जाऊन दाखल होतो. तोवर तू काही पाहिलं नाहीस."

"आणि मुलं?"

"मी तोंड फिरवून खोकतो. ज्याचं वाद्य त्याच्या तोंडाला. कुणी कुणाचं फुंकत नाही."

मी खाली पडलेले नोटेशनचे कागद गोळा केले. मग म्हणालो, "बरं."

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याऐंशीची, पाचगणीतली. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. तिथल्या एका निवासी शाळेत 'भारतीय संगीत' नावाचा विषय शिकवायचो, म्हणजे हार्मोनियमवर मुलांकडून प्रार्थना आणि स्वागतगीतं बसवून घ्यायचो. आमचं गाव वाईजवळ. जातीनं आम्ही गुरव, गावच्या भैरोबाची पूजा आणि सनई-चौघडा आमच्याकडे. वडील सनई वाजवायचे, मीही लहानपणापासून वाजवली. पण शाळेत नोकरीला लागलो त्या दिवशी प्राचार्य रेगो साहेबांनी सांगितलं होतं, "ते देवळातलं वाद्य देवळात ठीक आहे. इथे पेटी पुरे." बारा वर्षं सनई घरी खुंटीला होती. सुट्टीत गावी जाताना तेवढी काढायचो.

मानोलिस वेनाकिस ऐंशी साली आला. आला तेव्हा पन्नाशीच्या जवळ होता. उंच, किंचित वाकलेला, केस सगळे पांढरे. तो ग्रीसचा, बंदरातल्या एका शिंप्याचा मुलगा. गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकला आणि पुढे जहाजावरच्या खलाशांच्या रेडिओवर जॅझ ऐकून सॅक्सोफोनकडे वळला. विशी-तिशीत अथेन्सच्या क्लबांमध्ये लोक त्याला ऐकायला यायचे म्हणे. एक रेकॉर्ड निघाली. ती त्याच्या पेटीत होती. पाठीमागे बारीक अक्षरांत पाच नावं, त्यातलं चौथं त्याचं. मग देशात लष्कराचं राज्य आलं, क्लब बंद पडले, बरोबरचे दोघे तुरुंगात गेले आणि हा एका प्रवासी जहाजाच्या बँडमध्ये चढला. आठ वर्षं समुद्रावर. त्यानंतर मुंबईतल्या एका हॉटेलात. तिथे मालकानं वादकांऐवजी टेपरेकॉर्डर आणला आणि कुणाच्या तरी ओळखीनं मानोलिस आमच्या शाळेत आला.

बाजारातल्या लोकांना त्याचं नाव जमेना. वाण्यानं त्याचं 'मनोहर' केलं आणि महिन्याभरात सगळी पाचगणी त्याला मनोहर सर म्हणू लागली. तोही त्या नावाला ओ द्यायचा.

आमची मैत्री जमली ती सात मात्रांवरून. एकदा मी त्याच्या खोलीवरून चाललो होतो. तो मुलांना टाळ्या वाजवून काहीतरी शिकवत होता आणि मुलं चुकत होती. तीन, मग दोन, मग दोन. मी दारात थांबलो आणि न राहवून मांडीवर ताल धरला.

"तुला येतं हे?" त्यानं इंग्रजीत विचारलं. आमचं बोलणं शेवटपर्यंत मोडक्यातोडक्या इंग्रजीतच झालं.

"हा रूपक ताल आहे," मी म्हणालो. "आमच्याकडे लहान पोरंसुद्धा धरतात."

"आमच्याकडे यावर लग्नात नाचतात," तो म्हणाला आणि मला आत ओढून मुलांसमोर उभं केलं.

त्यानंतर तो रविवारी आमच्या घरी जेवायला यायचा. माझी बायको इंदू त्याला पिठलं-भाकरी वाढायची आणि तो हाताच्या बोटांनी ताटाच्या कडेवर सात मात्रा वाजवत बसायचा. अशाच एका रविवारी त्याला भिंतीवरची सनई दिसली. वाजव म्हणाला. मी वाजवली. त्यानं पुन्हा एकदा वाजवायला लावली. मग म्हणाला, "संमेलनासाठी मी एक तुकडा लिहितोय. सात मात्रांचा. मधे बँड थांबेल आणि एकटी सनई वाजेल. चार मिनिटं."

"रेगो साहेब वाजवू देणार नाहीत."

"बँड माझा आहे. मी सांगेन."

आणि रेगो साहेबांनी खरंच परवानगी दिली. हे सगळं ऑक्टोबरमधलं. रुमाल मी पाहिला तो नोव्हेंबरच्या मध्यावर.

पुढचे तीन आठवडे रोज दुपारी तालीम व्हायची. खोली चॅपेलच्या मागं, लांबट, खालच्या छताची. थंडी पडली होती, शिवाय शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाईंनी आवाजाची तक्रार केलेली, म्हणून खिडक्या कायम लावलेल्या. चौदा मुलं त्या खोलीत दीड-दीड तास असायची. मानोलिसची शिकवायची रीत अशी की आधी गाऊन घ्यायचं, मग फुंकायचं. "जे गळ्यात नाही ते पितळेत कुठून येणार?" असं तो म्हणायचा. प्रत्येक मुलासमोर खाली वाकून, तोंडाजवळ तोंड नेऊन तो ओळ गाऊन दाखवायचा. मधेच खोकला आला की भिंतीकडे वळायचा. पुन्हा वळून वाकायचा.

मी रोज तिथं होतो. रोज बघत होतो. एकदा तालमीनंतर मी त्याला म्हणालो, "निदान खिडक्या उघडू या." तो म्हणाला, "बाई पुन्हा ओरडतील. सोळा दिवस राहिलेत, गुरव." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

बँडमध्ये पेरिन नावाची एक मुलगी होती. चौदा वर्षांची, पारशी, वडिलांचा मुंबईत बेकरीचा धंदा. अंगानं काडी, पण तिचा दम मोठा होता. सॅक्सोफोन तिच्या गळ्यात अडकवला की ती वाद्यामागं झाकून जायची आणि नुसता सूर ऐकू यायचा. मानोलिस तिच्याबद्दल फार बोलायचा नाही. चांगल्या विद्यार्थ्याबद्दल शिक्षक जसे जपून बोलतात तसं.

संमेलनाच्या आठ दिवस आधी तालीम संपल्यावर त्यानं मला थांबवलं.

"सनई लागत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुझी सनई बँडपेक्षा थोडी चढी आहे. मी बँड चढवायचा प्रयत्न केला, पियानो चढत नाही. तुला उतरवायचा प्रयत्न केला, तुला दिसलंच. तू एकटा वाजवतोस तेव्हा उत्तम. पण तू संपवतोस आणि बँड सुरू होतो, तेव्हा सगळी मुलं बेसूर वाटतात. मुलांची चूक नसताना."

"मी तोंडाची पत्ती नवीन लावतो. खाली येईल."

"दोनदा लावलीस." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ट्रस्टी समोर असतील, गुरव. मला जुगार खेळता येणार नाही. तो भाग मी पेरिनला देतो. सॅक्सोफोनवर. सूर तुझेच राहतील, ती तुझ्यासारखंच वाजवेल."

मी म्हणालो, "बरं." आधी म्हणालो होतो तसंच.

घरी येऊन मी इंदूला सांगितलं की सनईचं रद्द झालं. तिनं गावाकडे मी वाजवणार म्हणून कळवलेलं होतं. माझे वडील तेव्हा सत्तरीत होते आणि संमेलनाला येणार म्हणून त्यांनी नवं धोतर घेऊन ठेवलं होतं. इंदू म्हणाली, "जाऊ द्या. पुढच्या वर्षी." मी सनई पुन्हा खुंटीला लावली.

पुढचे चार दिवस तालमीनंतर मानोलिस पेरिनला एकटीला थांबवून घ्यायचा. मी वरच्या व्हरांड्यातून जाताना काचेतून दिसायचं. बंद खोली, तो वाकलेला, ती मान वर करून ऐकतेय. माझ्या आज्यापासून आलेली एक जागा, म्हणजे सुरांचं एक वळण, धैवतावरून खाली येताना घ्यायची, ती तिला जमत नव्हती आणि तो पुन:पुन्हा गाऊन दाखवत होता. चौथ्या दिवशी तिला जमली. मी व्हरांड्यात उभा राहून ऐकली. चांगली आली होती.

त्याच संध्याकाळी रेगो साहेबांसमोर पूर्ण तालीम झाली. पेरिनचं वाजवून झालं तशी साहेबांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. बाहेर पडताना ते मला म्हणाले, "गुरव, आता तुम्ही मोकळे आहात, तर त्या दिवशी पडद्याची दोरी सांभाळा."

मी त्यांच्या मागोमाग ऑफिसात गेलो आणि म्हणालो, "साहेब, वेनाकिस सरांना क्षय आहे. खोकल्यातून रक्त पडतंय."

ते उभेच राहिले. "तुम्हाला केव्हा कळलं?"

"काल," मी म्हणालो. "काल संध्याकाळी."

पुढचं सगळं दोन दिवसांत झालं. डॉक्टर बिवलकरांनी मानोलिसला साताऱ्याला नेऊन छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पोकळी होती. डॉक्टर म्हणाले की हे दोन-चार आठवड्यांचं दुखणं नव्हे. संमेलनातला बँडचा कार्यक्रम रद्द झाला. खोली धुऊन काढली, खिडक्या उघडल्या. पालकांना पत्रं गेली. मानोलिस त्याच्या खोलीत होता, कुणी जायचं नाही अशी सक्त ताकीद होती. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेची गाडी त्याला मिरजेला छातीच्या रोगांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी फाटकापाशी उभा होतो. सॅक्सोफोनची पेटी मांडीवर घेऊन तो मागच्या सीटवर बसला होता. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

संमेलनाच्या दिवशी रेगो साहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं. कर्तव्यदक्ष शिक्षक म्हणाले. मैत्रीपेक्षा मुलांना मोठं मानणारा, असंही म्हणाले. पालक उभे राहिले. माझे वडील नवं धोतर नेसून दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी डोळे पुसले. मी पडद्यामागं होतो. हातात दोरी होती.

मुलांच्या तपासण्या झाल्या. तेरा जण निरोगी निघाले. पेरिनलाही आधी काहीच निघालं नव्हतं, पण जानेवारीत तिला ताप येऊ लागला आणि वजन उतरलं. तिचे वडील तिला मुंबईला घेऊन गेले.

त्याच महिन्याच्या शेवटी मी मिरजेला गेलो. मानोलिस व्हरांड्यातल्या खाटेवर उन्हात बसला होता. अर्धा झाला होता. मला बघताच त्यानं हातानं खूण केली, लांबच्या बाकावर बस म्हणून. आमच्यामध्ये सात-आठ हात अंतर होतं. मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"भाकरी आणलीस?" त्यानं विचारलं.

इंदूनं दिलेला डबा मी मधल्या फरशीवर ठेवला आणि मागं सरकलो.

"पेरिन कशी आहे?" तो म्हणाला.

मी सांगितलं. त्यानं तोंड बागेकडे फिरवलं. एक नर्स आली, इंजेक्शन देऊन गेली. मग तो माझ्याकडे न बघता बोलू लागला.

"तू बरोबर केलंस, गुरव. मला तुझ्याबद्दल एवढंच सांगायचं होतं. तीन आठवडे तू मित्र म्हणून गप्प राहिलास, आणि मग मुलांसाठी बोललास. दोन्ही अवघड होतं. मी तुझ्या जागी असतो तर पहिलंच करत बसलो असतो."

मी बाकाची कड धरून बसलो होतो.

"तू त्यांना काय सांगितलंस? केव्हा कळलं म्हणून?"

"आदल्या दिवशी."

"तसंच ठेव. तुझी मुलगी लहान आहे, नोकरी जाईल. कुणी विचारलं तर मीही तेच म्हणेन. कुणाला माहीत नव्हतं. मी लपवलं. ते खरंच आहे, मी लपवलं."

तेव्हा सांगायला हवं होतं. तो तिथं होता, मी तिथं होतो, दुसरं कुणी नव्हतं. सांगायला हवं होतं की मानोलिस, मी तीन आठवडे गप्प राहिलो ते तुझ्यासाठी नव्हे. बँड बंद पडला असता तर माझी चार मिनिटं गेली असती. आणि बोललो तेही मुलांसाठी नव्हे. माझी चार मिनिटं गेली होती म्हणून बोललो. त्या चौदा जणांचा विचार माझ्या मनात पहिल्या दिवशी एकदा आला, 'आणि मुलं?' असं मी विचारलं, आणि त्यानंतर शेवटपर्यंत आला नाही. चार दिवस काचेतून बघत होतो, तेव्हा मला त्या खोलीतली हवा दिसली नाही. मला फक्त माझी जागा ऐकू येत होती.

"जेवून घ्या," मी म्हणालो. "भाकरी निवेल."

मिरजेत तो दहा महिने होता. बरा झाला, पण फुप्फुसाचा तुकडा काढावा लागला आणि सॅक्सोफोन संपला. वकिलातीनं त्याला परत पाठवलं. गावी जाऊन त्यानं एका शाळेत मुलांना गायला शिकवायचं काम घेतलं. वर्षातून एखादं पत्र यायचं. माझी उत्तरं लहान असायची. पंचाण्णवच्या उन्हाळ्यात तो गेल्याचं त्याच्या भाचीनं कळवलं.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारीत, एक बाई मला शाळेत भेटायला आली. मधल्या सुट्टीची वेळ होती, मैदानात मुलांचा कल्ला चालला होता. सडपातळ, आखूड केस, दोन्ही कानांमागं यंत्रं. ती हसली तेव्हा मी ओळखलं.

"पेरिन," मी म्हणालो.

"माझ्याकडे बघून बोला, सर," ती म्हणाली. "मला ओठ बघावे लागतात. गलक्यात यंत्राचा उपयोग होत नाही."

तिनं स्वतःच सांगितलं. क्षय वर्षभरात बरा झाला होता. पण सुरुवातीला रोज जे इंजेक्शन द्यायचे, त्यानं कान गेले. आधी वरचे सूर गेले, मग खालचे. सॅक्सोफोन तिच्या वडिलांनी विकून टाकला. आता ती पुण्यात रोपवाटिका चालवत होती. नवरा खाली गाडीत होता. सगळं ती शांतपणे सांगत होती, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. आम्ही चॅपेलच्या पायऱ्यांवर बसलो.

"आई अजून तुमचं नाव काढते," ती म्हणाली. "तुम्ही बोलला नसता तर बाकीच्या मुलांचंही झालं असतं, म्हणते."

तिनं पर्समधून एक पाकीट काढलं. परदेशी तिकीट होतं. "जायच्या आधी मनोहर सरांनी मला लिहिलं. माफी मागितलीय. लिहिलंय की त्यांनी सगळ्यांपासून लपवलं, शाळेत कुणालाच माहीत नव्हतं." तिनं पत्राची घडी उलगडली नाही, नुसतं हातात धरलं. "त्यांना मी माफ केलं, सर. आजारी माणूस घाबरतो. पण मला एक गोष्ट कायम वाटते. कुणीतरी धडधाकट माणूस हे बघत होता आणि गप्प राहिला, असं असेल तर मला ते सहन होणार नाही. म्हणून तुम्हाला विचारायला आले. खरंच कुणाला माहीत नव्हतं?"

मी मान खाली घातली. पायरीच्या फटीत मुंग्यांची रांग चालली होती. त्या रांगेकडे बघत मी म्हणालो, "मला माहीत होतं. संमेलनाच्या सव्वीस दिवस आधीपासून."

मुलांचा गलका चालूच होता. तिनं माझ्या दंडाला हात लावला.

"काय म्हणालात? तुम्ही खाली बघून बोललात, सर. मला कळलं नाही."

मी मान वर केली. ती माझ्या ओठांकडे टक लावून बघत होती, एखादी ओळ पहिल्यांदा ऐकताना बघायची तशी.

या वेळी मी तिच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून, तिला कळेल असं बोललो.

"कुणालाच नव्हतं, बाळ."